नाशिक ते नागपूर विमानाने: अंतर किती, वेळ किती आणि घरातून कधी निघायचं

नाशिकहून नागपूरला विमानाने किती वेळ लागतो, असं विचारलं की तीन वेगवेगळी उत्तरं मिळतात. एखादी वेबसाइट चाळीस मिनिटं सांगते. तिकिटावर दीड ते पावणेदोन तास छापलेले असतात. आणि जाऊन आलेला माणूस म्हणतो, घर ते घर पाच-साडेपाच तास धरा. यातलं एकही उत्तर चुकीचं नाही. प्रत्येक जण वेगळी गोष्ट मोजतोय, एवढंच.

माझं सासर नाशिकला आणि माहेर नागपूरला. त्यामुळे हा रस्ता गाडीने, रेल्वेने आणि विमानाने, सगळ्या प्रकारे माझ्या सवयीचा आहे. पहिल्यांदा विमानाने जाणारी ओळखीतली माणसं, विशेषतः वयस्कर, मला तेच तेच प्रश्न विचारतात. उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहिते आहे. उदाहरण नाशिक-नागपूरचं असलं तरी हिशोबाची पद्धत कुठल्याही दोन विमानतळांना चालेल.

१. आधी दोन्ही विमानतळ नक्की करा

नाशिकचा विमानतळ नाशिक शहरात नाही, ओझरला आहे. शहराच्या मध्यापासून साधारण २० किलोमीटर ईशान्येला. हा विमानतळ हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा. मिग विमानं बांधण्यासाठी १९६४ मध्ये इथे कारखाना उभा राहिला आणि पुढे सुखोई-३० सुद्धा इथेच तयार झाली. शेजारीच हवाई दलाचा तळ आहे. प्रवासी विमानं त्याच धावपट्टीवरून उडतात.

तिकीट शोधताना नाशिकचा तीन अक्षरी संकेत 'आयएसके' असा आहे. 'एनएसके' टाकू नका. तो रशियातल्या नोरिल्स्क विमानतळाचा आहे आणि अंतर काढणाऱ्या साइटवर तो टाकला तर हजारो किलोमीटरचा आकडा येतो. नागपूरचा संकेत 'एनएजी', आणि विमानतळाचं पूर्ण नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ. जुने नागपूरकर त्याला अजून सोनेगावच म्हणतात. रिक्षावाल्यालाही तेच नाव लवकर कळतं.

दुसरा सापळा नकाशाचा. मोबाइलवर नुसतं 'नाशिक एअरपोर्ट' टाकून पहिल्या निकालावर बोट ठेवू नका. नाशिकरोडजवळ गांधीनगरला लष्कराची धावपट्टी आहे, तिथून प्रवासी विमान उडत नाही. 'एचएएल ओझर' टाकलं तर कारखान्याच्या किंवा वसाहतीच्या फाटकाशी जाऊन उभे राहाल. आपल्याला हवी आहे ती प्रवासी टर्मिनलची इमारत, जानोरीच्या बाजूची. मुंबई-आग्रा महामार्गावर दहावा मैल लागला की तिथून जानोरीकडे वळायचं. गाडी दुसरं कोणी चालवत असेल तर 'दहावा मैल, जानोरी रस्ता, टर्मिनल' हे तीन शब्द त्याला निघण्याआधीच सांगून ठेवा.

२. अंतर स्वतः काढून बघा

यासाठी कुठल्याही साइटची गरज नाही. साधा कॅल्क्युलेटर पुरे. मी ही पद्धत भाच्याला दाखवली तेव्हा तो आठवीत होता आणि त्याला ती लगेच जमली.

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. नकाशावर धावपट्टीवर बोट दाबून धरलं की ते दिसतात.

ओझर: २०.१२ उत्तर, ७३.९१ पूर्व.
नागपूर: २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व.

अक्षांशातला फरक ०.९७ अंश. एक अक्षांश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर सुमारे १०८ किलोमीटर.

रेखांशातला फरक ५.१४ अंश. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर १११ किलोमीटरचा असतो, पण उत्तरेकडे सरकू तसा तो आकसत जातो. नाशिक-नागपूरच्या पट्ट्यात तो १०४ किलोमीटरच्या आसपास भरतो, कोल्हापूर-सोलापूरकडे १०६. म्हणून पूर्व-पश्चिम अंतर सुमारे ५३५ किलोमीटर.

आता पायथागोरस. १०८ चा वर्ग अधिक ५३५ चा वर्ग, आणि त्या बेरजेचं वर्गमूळ. उत्तर येतं ५४६. पृथ्वीची गोलाई धरून नीट केलेलं गणितही ५४५ च्या आसपासच येतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही पद्धत एखाद-दुसऱ्या किलोमीटरपेक्षा जास्त चुकत नाही.

या आकड्याबाबत तीन ठिकाणी गोंधळ होतो:

- काही साइट विमानतळ ते विमानतळ न मोजता शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंत मोजतात. मग ५४५ ऐवजी ५६५ च्या पुढचा आकडा दिसतो, कारण ओझर मुळातच नाशिकच्या पुढे, नागपूरच्या बाजूला सरकलेलं आहे.
- एकक बघा. ५४५ किलोमीटर म्हणजे ३३९ मैल आणि २९४ सागरी मैल. विमानवाले सागरी मैलांत बोलतात, एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. '२९४' वाचून नागपूर एवढं जवळ कसं, असं वाटायला नको.
- हे सरळ रेषेतलं अंतर आहे. समृद्धी महामार्गाने नाशिकहून नागपूर ६०० किलोमीटरच्या आसपास पडतं आणि नाशिकरोड स्टेशनवरून रेल्वेने साधारण ६५०.

नकाशावर ओझरहून नागपूरपर्यंत पट्टी ठेवून रेघ ओढलीत तर ती अजिंठ्याच्या थोडी दक्षिणेकडून जाते, अकोल्याच्या जवळजवळ डोक्यावरून जाते आणि अमरावती डाव्या हाताला राहते. खिडकीची जागा मिळाली आणि आभाळ मोकळं असलं, तर खाली बघत या खुणा ओळखायला फार छान वाटतं. विमान ठरलेल्या हवाई मार्गाच्या बिंदूंवरून जातं, त्यामुळे ते या रेघेवरून तंतोतंत जाणार नाही, पण अंदाज येतो.

३. हवेतला वेळ: विमान कोणतं आहे ते आधी बघा

वेबसाइटचं 'चाळीस मिनिटं' इथेच फसतं. ती ५४५ किलोमीटरला मोठ्या जेट विमानाच्या ताशी ८०० किलोमीटरच्या वेगाने भागते आणि मोकळी होते. पण छोट्या शहरांमधल्या मार्गांवर बहुधा एटीआर-७२ हे पंख्याचं विमान असतं. त्याचा सपाट उड्डाणातला वेग ताशी ५१० किलोमीटरच्या आसपास. ५४५ भागिले ५१०, म्हणजे एक तास चार मिनिटं.

यात आणखी वेळ मिळवायचा असतो. टर्मिनलपासून धावपट्टीपर्यंत जाणं, उंची गाठेपर्यंतचा कमी वेग, उतरताना पुन्हा कमी वेग, उतरण्यासाठी रांगेत येणं, उतरल्यावर उभं राहण्याच्या जागेपर्यंत जाणं. माझा ठोकताळा असा: एटीआर असेल तर भागाकारात ३० ते ४० मिनिटं मिळवा. नागपूरसाठी उत्तर १ तास ३५ ते १ तास ४५ मिनिटं येतं. एअरबस ए-३२० सारखं जेट असेल तर ताशी ८३० चा वेग धरा, अर्धा तास मिळवा, म्हणजे १ तास १० मिनिटं.

जेटने हवेतला वेळ पंचवीस मिनिटांहून जास्त वाचत असला तरी पूर्ण प्रवासात तो फारसा जाणवत नाही. केवळ त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

वाऱ्याचाही वाटा असतो. हिवाळ्यात आपल्याकडे वरच्या हवेत पश्चिमेचे वारे वाहतात. नागपूरला जाताना ते पाठीशी असतात, परतताना तोंडावर. ताशी ४० किलोमीटरचा वारा धरला तर जाताना सपाट उड्डाणाचा वेळ तासाभरावर येतो आणि येताना तो सत्तर मिनिटांपर्यंत जातो. तिकिटावर जाण्याची आणि येण्याची वेळ पाच-दहा मिनिटांनी वेगळी दिसली तर ती छपाईची चूक नाही.

ओझरची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि विमान वाऱ्याकडे तोंड करून उडतं. पश्चिमेचा वारा असेल तर नागपूरचं विमान आधी उलट्या दिशेला उडतं आणि मग वळसा घेतं. नवख्या माणसाला वाटतं, हे कुठे निघालं. घाबरू नका, दोन-चार मिनिटांत ते वळतं. नागपूरची धावपट्टी वायव्य-आग्नेय अशी तिरकी आहे, म्हणून उतरतानाही एखादं वळण होतं.

एटीआरबद्दल अजून थोडं, कारण पहिल्यांदा बसणाऱ्यांना त्याचीच जास्त धास्ती असते. हे विमान २५,००० फुटांच्या वर जातच नाही, त्यामुळे पावसाळ्यात ढगांमधून जाताना हादरे जास्त बसतात. पंख्यांचा आवाजही जाणवतो. आवाज नको असेल तर मागच्या ओळी घ्या, कारण पंखे पुढच्या भागाशी आहेत. प्रवाशांचा दरवाजाही मागेच असतो, पुढचा दरवाजा सामानाचा. म्हणजे मागे बसलेला माणूस आधी उतरतो. घाई असणाऱ्यांनी जेटच्या सवयीने पहिली ओळ मागून घेऊ नये.

४. तिकिटावरची वेळ वाचायची कशी

तिकिटावर सुटण्याची जी वेळ असते ती विमान जागेवरून हलण्याची, जमीन सोडण्याची नव्हे. पोचण्याची वेळही ते नागपूरच्या टर्मिनलपाशी येऊन थांबण्याची. या दोन वेळांमधल्या कालावधीला विमान कंपन्या 'ब्लॉक टाइम' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे नुकसानभरपाईच्या ठिकाणी तो कामाला येतो.

तिकीट घेण्याआधी एवढं तपासा:

- मध्ये थांबा आहे का. 'नॉन-स्टॉप' म्हणजे कुठेही न थांबता. 'डायरेक्ट' म्हणजे विमान तेच, पण मध्ये कुठे उतरू शकतं. दोन्ही शब्दांना आपण 'थेट' म्हणतो आणि तिथे गल्लत होते.
- विमान बदलावं लागतं का. त्या दिवशी थेट विमान नसेल तर साइट तुम्हाला हैदराबादमार्गे पाठवते. ओझर-हैदराबाद सुमारे ५७० किलोमीटर आणि हैदराबाद-नागपूर सुमारे ४३०. म्हणजे ५४५ ऐवजी १,००० किलोमीटर, वर हैदराबादला थांबणं वेगळं. अशा तिकिटापेक्षा रात्रीची रेल्वे बरी, हे माझं स्पष्ट मत आहे.
- वार. छोट्या विमानतळांवरची सेवा रोज असेलच असं नाही, आणि उन्हाळी-हिवाळी वेळापत्रक बदलताना मार्ग आणि वेळा दोन्ही बदलतात. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. या तारखांच्या पुढचं तिकीट आधीच काढलं असेल तर आठवडाभर आधी वेळ पुन्हा बघा.
- एकच तिकीट की दोन. पुढे नागपूरहून रायपूर किंवा आणखी कुठे जायचं असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं घेतली आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसऱ्या कंपनीवर तुमची जबाबदारी नसते.

घड्याळ मात्र बदलावं लागत नाही. नागपूर पाच अंश पूर्वेला असल्यामुळे तिथे सूर्य नाशिकच्या साधारण वीस मिनिटं आधी मावळतो. त्यामुळे संध्याकाळी उतरल्यावर फार उशीर झाल्यासारखं वाटतं, तेवढंच.

५. दारापासून दारापर्यंतचा हिशोब

खरा निर्णय या आकड्यावर घ्यायचा. इंदिरानगरहून निघून नागपुरात धरमपेठेत पोचायचं आहे असं धरू.

- घर ते ओझर टर्मिनल: गर्दीची सोय धरून १ तास
- टर्मिनलवर पोचल्यापासून विमान हलेपर्यंत: दीड तास
- विमानातला वेळ: पावणेदोन तास
- उतरणं, सामान, बाहेर येणं: अर्धा तास
- विमानतळ ते धरमपेठ: ४० मिनिटं

एकूण ५ तास २५ मिनिटं. समृद्धीने गाडीने निघालात तर चहा-जेवण धरून साडेसात-आठ तास. रेल्वेने दहा ते बारा, पण रात्रीची गाडी असेल तर ते झोपेत जातात. म्हणजे विमानाने दोन-अडीच तासच वाचतात, मात्र थकवा पुष्कळ वाचतो. चार माणसं आणि भरपूर सामान असेल तर मी गाडीच सुचवेन. एकट्या माणसाला, किंवा पाठीचा-गुडघ्याचा त्रास असलेल्या आई-बाबांना विमान.

यातला सगळ्यात बेभरवशाचा आकडा पहिला आहे. इंदिरानगर, सिडको, पाथर्डी फाट्याकडच्यांनी महामार्गावरच्या उड्डाणपुलावरून सरळ के. के. वाघ कॉलेजपर्यंत जावं. पुलाखाली उतरलात की द्वारका चौक तुमचा अर्धा तास सहज खातो. नाशिकरोड-जेलरोडच्या मंडळींना नांदूर नाक्याकडून निघून द्वारका टाळता येते. आडगावच्या पुढे रस्ता मोकळा असतो, पण कांदा आणि द्राक्षांच्या हंगामात ट्रक-ट्रॅक्टरची रांग लागते. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत. त्या काळात तिकीट असेल तर घर ते ओझरला एक तास पुरेल असं धरूच नका, आणि पर्वणीच्या दिवसाचं तिकीट शक्यतो काढू नका.

दीड तास आधी पोचा असं मी म्हणते, कारण बहुतेक कंपन्यांचं सामान घेण्याचं काउंटर विमान सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद होतं आणि विमानात चढण्याचं गेट २५ मिनिटं आधी. विमानतळ लहान आहे, सुरक्षा तपासणी लवकर होते, हे खरं. पण काउंटर बंद झालं की समोर विमान दिसत असूनही जाता येत नाही, विनवण्या करून उपयोग नसतो.

परतीच्या प्रवासात ओझरहून शहरात यायची सोय आधी करून ठेवा. मोठ्या शहरासारख्या बाहेर टॅक्सींच्या रांगा मिळतील असं समजू नका. घरचं कोणी येणार असेल तर त्यांना विमान उतरण्याची वेळ अधिक वीस मिनिटं सांगा.

६. सोबत काय हवं, बॅगेत काय नको

कागदपत्रं:

- फोटो असलेलं एक ओळखपत्र: आधार, मतदार ओळखपत्र, ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट किंवा पॅन
- तिकीट आणि बोर्डिंग पास, मोबाइलमध्ये चालतो, पण बॅटरी संपू देऊ नका
- दोन वर्षांखालच्या बाळाचा जन्मदाखला
- बाळंतपणासाठी माहेरी निघालेल्या मुलींनी डॉक्टरांचं प्रमाणपत्र. ठरावीक आठवड्यांनंतर ते लागतंच, आणि शेवटच्या आठवड्यांत कंपन्या नेत नाहीत. तिकीट काढतानाच त्या कंपनीची मर्यादा वाचा
- नेहमीची औषधं, चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत

नावाबद्दल बायकांना खास सांगते. आधारवर माहेरचं आडनाव आणि तिकिटावर सासरचं, असं होऊ देऊ नका. दारावरचा जवान दोन्ही नावं जुळवून बघतो. तिकीट काढणारा मुलगा किंवा नवरा असेल तर त्याला आधारचा फोटो पाठवा आणि त्यावरचंच नाव जसंच्या तसं टाकायला सांगा.

सामान: हातातली बॅग ७ किलो आणि आत जमा करायची १५ किलो, देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुधा एवढंच मिळतं. एटीआरमध्ये डोक्यावरचे कप्पे लहान असतात. मोठी चाकांची बॅग ७ किलोत बसली तरी कप्प्यात बसत नाही आणि विमानाच्या पायऱ्यांपाशी ती काढून घेऊन खाली सामानात ठेवतात. म्हणून दागिने, पैसे, औषधं, किल्ल्या एका छोट्या खांद्यावरच्या पिशवीत वेगळ्या ठेवा.

पॉवर बँक हातातच ठेवायची, जमा करायच्या बॅगेत ती चालत नाही. सुक्या खोबऱ्याचं नेमकं उलट समजू नका. ते पटकन पेट घेतं म्हणून जमा करायच्या बॅगेत बंदी आहे. ओटीचं सामान, मसाल्याचं खोबरं घेऊन निघणाऱ्या घरांत यावरून हमखास बॅग उघडावी लागते. मिरचीचं लोणचं हातातल्या बॅगेत अडतं, ते घट्ट बांधून जमा करा. द्राक्षांची पेटी न्यायची असेल तर तिचं वजनही त्या १५ किलोत मोजलं जातं. चिवड्याला कोणी अडवत नाही.

ज्यांना चालणं जमत नाही त्यांच्यासाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, निदान ४८ तास आधी. एटीआरला चढायला पायऱ्या असतात हे कंपनीला फोनवर स्पष्ट सांगा आणि 'पायऱ्या चढता येत नाहीत' असं नोंदवून घ्या. नुसती व्हीलचेअर मागितली तर ती पायऱ्यांपर्यंतच नेतात असं गृहीत धरलं जातं.

ओझरला धावपट्टीवर फोटो काढू नका. सुखोई किंवा तेजस समोर दिसलं तरी फोन खिशातच राहू द्या. हा संरक्षण खात्याच्या कामाचा परिसर आहे, जवान फोन मागतात आणि तुमचा वेळ जातो.

७. नागपूरला उतरल्यावर

विमानतळ वर्धा रोडवर आहे, सीताबर्डीपासून सात-आठ किलोमीटर. मेट्रोच्या नारिंगी मार्गावर 'एअरपोर्ट' नावाचं स्टेशन आहे, तिथून सरळ सीताबर्डी गाठता येते आणि तिथे दुसऱ्या मार्गाची मेट्रो मिळते. पण स्टेशन टर्मिनलच्या दारात नाही, मुख्य रस्त्यावर आहे. एक पाठपिशवी असेल तर मेट्रो उत्तम, दोन बॅगा आणि मूल असेल तर टॅक्सी करा. मे महिन्यात दुपारी उतरणार असाल तर पायी जाण्याचा विचारही नको.

नागपूर देशाच्या मध्याशी आहे, याचा विमानांशी जुना संबंध आहे. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही ठिकाणांहून विमानं मध्यरात्री नागपूरला येत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. चारही शहरांपासूनची अंतरं बरीचशी सारखी, म्हणून हे जमलं. लहानपणी घरात ही गोष्ट ऐकली होती, आणि आता त्या विमानतळावर उतरताना ती दर वेळी आठवते.

८. उशीर झाला किंवा विमान रद्द झालं तर

ओझरचा परिसर निफाड तालुक्यात येतो, आणि निफाडची थंडी सगळ्यांना ठाऊक आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुकं असतं. तातडीचं काम असेल तर त्या महिन्यांत सकाळच्या विमानाच्या भरवशावर दुपारची कोर्टाची तारीख किंवा मुलाखत ठेवू नका, आदल्या दिवशी जा.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम प्रवाशाच्या बाजूचे आहेत, फक्त ते माहीत हवेत. ब्लॉक टाइम अडीच तासांपर्यंतच्या विमानाला दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल तर विमानतळावर थांबलेल्या प्रवाशाला खाणं-पिणं द्यावं लागतं. उशीर सहा तासांच्या वर जाणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, यातलं एक निवडायचा हक्क तुमचा.

विमान ऐनवेळी, पुरेशी पूर्वसूचना न देता रद्द झालं तर परताव्याशिवाय भरपाईही आहे. एक तासापर्यंतच्या ब्लॉक टाइमला ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५०० आणि दोन तासांच्या वर १०,०००, किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातली जी रक्कम कमी असेल ती. नाशिक-नागपूर मधल्या गटात बसतं. हवामान, संप, सुरक्षेचं कारण असेल तर भरपाई मिळत नाही, पण परतावा मिळतो. आणि तिकिटावर तुमचा स्वतःचा मोबाइल नंबर असायला हवा. एजंटाचा नंबर असेल तर रद्द झाल्याचा मेसेज एजंटाला जातो, आणि संपर्काची माहिती दिली नव्हती म्हणून भरपाईही अडते.

९. हीच पद्धत इतर गावांसाठी

ओझरहून सरळ रेषेत: इंदूर सुमारे ३५० किलोमीटर, अहमदाबाद ३५५, गोव्याचं मोपा ४८५, हैदराबाद ५७०, बेंगळुरू ८७०, दिल्ली ९९०. गोव्याचं तिकीट बघताना मोपा आणि दाबोळी हे दोन वेगळे विमानतळ आहेत हे ध्यानात ठेवा. उत्तर गोव्यात जायचं असेल तर मोपा, मडगावकडे जायचं असेल तर दाबोळी सोयीचं.

वरचा पाच टप्प्यांचा हिशोब मांडा, म्हणजे अंतर कितीही असलं तरी जाणारा ठरलेला वेळ लक्षात येईल. घर ते घर प्रवासात साडेतीन तासांहून जास्त वेळ तर विमान हलायच्या आधी आणि थांबल्यानंतरच जातात. म्हणून ३०० किलोमीटरच्या आतल्या गावाला विमान सहसा परवडत नाही. मुंबई सरळ रेषेत जेमतेम १५८ किलोमीटर. २०१७ च्या डिसेंबरमध्ये 'उडान' योजनेत मुंबई-नाशिक छोटं विमान सुरू झालं होतं, पण ते टिकलं नाही. रस्त्याने चार तासांत घरी पोचणारा माणूस विमानात कशाला बसेल?

तुम्हाला हव्या त्या गावाचं थेट विमान ओझरहून नसेल तर शिर्डीचाही विचार करा. शिर्डीचा विमानतळ काकडी गावात आहे, नाशिकहून साधारण १०० किलोमीटर, म्हणजे वरच्या हिशोबात पहिल्या टप्प्याला एक तासाऐवजी दोन ते अडीच तास लिहा. मुंबईहून पकडायचं असेल तर चार तास लिहा, आणि घाटात अपघात झाला तर काय, यासाठी आणखी एक. मग हैदराबादमार्गे जोडविमान आणि मुंबईहून थेट विमान यांची बेरीज शेजारी शेजारी मांडून बघा.